पडझडीचे बारा फोटो

"पाडायला आलासा व्हय?"

आवाज मागून आला. मी गिरणीच्या बंद फाटकाच्या गजांमधून डोकं आत घालून उभी होते. खांद्यावर ट्रायपॉड, गळ्यात कॅमेरा, आणि मिरजेहून पहाटेची पहिली एस.टी. पकडल्यामुळे अर्धी झोप अजून डोळ्यांवरच होती. वळून पाहिलं तर सायकल हातात धरून एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि अंगात घरी विणलेला जांभळा स्वेटर. सत्तरीच्या आसपासचं वय असावं.

"नाही हो, पाडायला कशाला? फोटो काढायला आलेय," मी म्हटलं.

"कुनाचा?"

"गिरणीचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गिरणीकडे पाहिलं. गिरणीचा अवतार असा होता की छपरावरची निम्मी मंगलोरी कौलं खाली आलेली, तिथेच डाव्या बाजूला बैल मावेल एवढं भगदाड, दार एकाच बिजागरीवर लोंबकळत होतं आणि भिंतीतून हातभर पिंपळ वर आलेला. अंगणात घाणेरी माजलेली, तिच्यात वजनकाट्याचं नुसतं डोकं दिसत होतं. मी मावसबहिणीच्या लग्नाला जाताना एस.टी.च्या खिडकीतून ती पाहिली आणि तिच्या प्रेमातच पडले.

"हिचा?" ते म्हणाले. "हिचा फोटू काढून काय करनार?"

मी सगळं सांगितलं. पुण्याच्या एका कलासंस्थेने 'पडझड' हा विषय दिला होता. एकच पडकी इमारत निवडायची. वर्षभर, दर महिन्याच्या एक तारखेला, एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी तिचा फोटो काढायचा. असे बारा फोटो. माणूस एकाही फोटोत दिसता कामा नये. ज्याचे बारा फोटो निवडले जातील त्याचं पुण्यात प्रदर्शन आणि वर पुस्तक. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, सांगलीत लाटकर काकांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढत होते आणि "हनुवटी थोडी खाली घ्या" हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणत होते. माझ्या दृष्टीने ते पुस्तक म्हणजे त्या साठ वाक्यांतून सुटका होती.

गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कनवटीची किल्ली काढून फाटकाचं कुलूप उघडलं.

"काढा की मग. आमचीच हाय. मी नेमगोंडा मगदूम. मला समदे आण्णा म्हनत्यात."

मी जागा ठरवली, ट्रायपॉडचे पाय जिथे टेकले तिथे तीन दगड पुरले, म्हणजे पुढच्या महिन्यात चूक व्हायला नको. सूर्य वर यायच्या आधीचा उजेड मला हवा होता, त्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागत होतं. श्वास धरून फोटो काढला. आण्णा फाटकाबाहेरच उभे होते.

"आत या की, आण्णा."

"नको. तुमचं चालू द्या."

अशी ती जानेवारीची एक तारीख.

दानवडे हे गाव मिरजेपासून एस.टी.ने सव्वा तासावर. दर महिन्याला मी तीच गाडी पकडायची आणि दर महिन्याला आण्णा किल्ली घेऊन हजर असायचे. फोटो झाला की मला घरी घेऊन जायचे. काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी वाढायच्या आणि मी नको म्हणेपर्यंत वाढतच राहायच्या. दोन्ही मुली लग्न होऊन कर्नाटकात गेलेल्या. घरात ही दोनच माणसं, आणि एक शेळी.

गिरणी चौदा वर्षं बंद होती हे मला काकूंकडूनच कळलं. पाकिटातलं तेल स्वस्त यायला लागलं आणि शेंगतेलाला गिऱ्हाईक राहिलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. पुढे विचारलं तर त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

एप्रिलमध्ये माझं आणि आण्णांचं पहिलं वाजलं. पिंपळ गायब होता.

"आण्णा, इथला पिंपळ कुठे गेला?"

"शेळीनं खाल्ला."

"आण्णा, तो जमिनीपासून दहा फुटांवर होता."

"आमची शेळी उंच हाय."

मी कपाळाला हात लावला. तो पिंपळ म्हणजे माझ्या चौकटीचा जीव होता. वर्षअखेर तो भिंत फोडेल असा माझा हिशेब होता. पण इमारत त्यांची आणि शेळीही त्यांचीच.

मे महिन्यात दार सरळ उभं होतं. म्हटलं, वाऱ्याने ढकललं असेल. जून लागला तर छपराचं भगदाड बुजलेलं! या वेळी मात्र मी चिडलेच.

"पाऊस आला न्हवं," आण्णा अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "आत मशिनी हाईत. त्येंच्यावर पानी गळतंय."

"चौदा वर्षं गळलंच की!"

"म्हनून तर," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले.

पण पावसाळ्याने माझी भरपाई केली. ऑगस्टमध्ये भिंती अशा काही हिरव्याकाळ्या झाल्या की मी ट्रायपॉडभोवती एक गिरकी घेतली. सप्टेंबरचा फोटो तर मी पाकिटात घेऊन हिंडत होते. ऑक्टोबरमध्ये घाणेरी छाटून अंगण मोकळं केलेलं दिसलं, वजनकाटा पुसलेला. आण्णा म्हणाले, खंडेनवमीला काट्याची पूजा केली, म्हणून जरा साफसूफ केलं. आता खंडेनवमीला कोण काय म्हणणार? नोव्हेंबरमध्ये खिडक्यांना काचा दिसल्यासारख्या वाटल्या, पण धुकं होतं. मला धुकं हवंच होतं, मी खूश होते.

निघताना मी म्हटलं, "आण्णा, आता एकच राहिला. पुढच्या एक तारखेला शेवटचा. मग सगळे पुण्याला जाणार."

"पुन्याला? तितं लोक बगनार?"

"निवडले गेले तर शेकडो लोक बघतील."

मला सोडायला एरवी फाटकापर्यंतच येणारे आण्णा त्या दिवशी एस.टी. थांब्यापर्यंत आले. मला वाटलं, शेवटची भेट जवळ आली म्हणून माणूस हळवा झाला.

एक डिसेंबरला मी एस.टी.तून उतरले आणि रस्ता चुकले असं वाटलं.

समोर पोपटी रंगाची गिरणी होती. पोपटी म्हणजे अस्सल पोपटी. खिडक्यांच्या चौकटी गुलाबी. दाराला झेंडूचं तोरण. वर नव्या लाल अक्षरांत 'श्री पार्श्वनाथ ऑईल मिल, दानवडे, स्थापना १९६२', आणि त्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना पेंटरने आपल्या मनाने एकेक शेंगेचं रोप काढलेलं. अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी. आणि माझे तीन दगड जिथे होते तिथे सिमेंटचा फूटभर उंच चौथरा.

"तुमच्या तिवईसाठनं," आण्णा पुढे येऊन म्हणाले. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. "दर बारीला दगडं हुडकताय, बरं दिसत न्हाई."

त्यांच्यामागे सहा-सात म्हातारी माणसं उभी होती, सगळी धुतलेल्या कपड्यांत, केसांना तेल लावून. काकू हातात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मी भर अंगणात रडायला लागले.

सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. एक म्हातारा तर म्हणाला, "लेकीचं मन भरून आलं."

"आण्णा, हे काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं. "माझं वर्ष पाण्यात गेलं! पडझड दाखवायची होती मला, पडझड! अकरा महिने मी पहाटे चार वाजता उठतेय. आता या लग्नघराचा फोटो मी कुठल्या तोंडाने पाठवू?"

आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पुन्याची मानसं बगनार म्हनालासा," ते हळूच म्हणाले. "फोटू काढायच्या आदी मानूस त्वांड धुतंय, केस इंचरतंय. मग गिरनीनंच काय पाप केलंय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इतकं रागाचं होतं की मोठ्या माणसाला देण्यासारखं नव्हतं. कॅमेरा पिशवीतून न काढताच मी परत फिरले. काकू थांब्यापर्यंत धावत आल्या आणि शेंगापोळ्यांचा डबा माझ्या हातात कोंबून गेल्या. मी तो रागारागाने घेतला आणि मिरज येईपर्यंत रागारागानेच अर्धा संपवला.

लाटकर काका स्टुडिओत एकटेच होते. माझा चेहरा पाहून त्यांनी काही विचारलं नाही, डबा मात्र उघडून पाहिला. मी घडलेलं सांगितलं तसे ते हसत सुटले. "आमची शेळी उंच हाय" हे तर त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

"हसताय काय, काका? दहा तारखेपर्यंत फोटो पाठवायचेत."

"बरं, अकरा तर दाखव. आजवर एकेकच दाखवलायस."

मी मोठ्या आकाराचे अकरा प्रिंट काढून काउंटरवर ओळीने मांडले. काकांचं निम्मं आयुष्य लग्नाचे अल्बम लावण्यात गेलेलं. साखरपुड्याच्या आधी वरात लागलेली त्यांना लांबून दिसते. त्यांनी चष्मा पुसला, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि म्हणाले, "उलटे लावलेस."

"नाही हो. हा जानेवारी, हा फेब्रुवारी..."

"छे, छे. बघ तरी. इथे छप्पर पडलेलं आहे, तिथे धड आहे. इथे दार लोंबतंय, तिथे उभं. पिंपळ, भगदाड, घाणेरी, काचा." त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं. "दर फोटोत एक काहीतरी नीट होत चाललंय. पोरी, ही गिरणी पडत नाहीये. कुणीतरी तिला उभी करतंय."

मी काउंटरच्या या बाजूला येऊन उभी राहिले. एकेक फोटो मी तासन् तास पाहिला होता. भेगा मोजल्या होत्या, शेवाळाच्या छटा पाहिल्या होत्या. पण अकरा फोटो ओळीने कधी मांडलेच नव्हते. आता पाहिलं तर फेब्रुवारीत चौकटीच्या कडेला आलेले फाटकाचे गंजलेले गज घासलेले. मार्चमध्ये पडलेली कौलं भिंतीशी रचून ठेवलेली. जुलैत, मी पावसाकडे बघत होते त्या जुलैत, छपराच्या कडेने नवी पन्हळ. एकही महिना रिकामा नव्हता. स्वतःला फोटोग्राफर म्हणवणारी मी अकरा महिने त्या गिरणीसमोर उभी होते आणि मला यातलं काहीही दिसलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की हातातली शेंगापोळी मी परत डब्यात ठेवली.

"आता माझं ऐक," काका म्हणाले. त्यांच्यातला धंदेवाला जागा झाला होता. "उद्या जा आणि बारावा फोटो काढून आण, पोपटी तर पोपटी. मग सगळे उलटे लाव. पोपटी गिरणी जानेवारीत, भगदाड डिसेंबरात. एका वर्षात अशी पडझड पुण्यात कुणी बघितली नसेल. बक्षीस तुझंच."

"पण शेवाळ? ते ऑगस्ट-सप्टेंबरचं एप्रिल-मेत जाईल."

"पुण्यातल्या परीक्षकांना दानवड्याचं शेवाळ कुठल्या महिन्यात येतं ते काय ठाऊक?"

खोटं कशाला सांगू, माझे डोळे चमकले. रात्रभर मी मनातल्या मनात चित्रं उलटी लावून पाहिली. उलटी ती फारच सुंदर दिसत होती. सकाळी तीच पहिली एस.टी. पकडली. दोन तारीख होती, पण तारीख काय फोटोवर छापून येत नाही.

दानवड्याला उतरले तेव्हा फाटक उघडं होतं. आतून माणसांचे आवाज येत होते. मी पहिल्यांदाच गिरणीच्या आत गेले. अंधारात दोन मोठी यंत्रं उभी होती, तेल काढायच्या त्या यंत्रांना गाळप यंत्र म्हणतात हे नंतर कळलं. कालची म्हातारी माणसं एका यंत्राभोवती उकिडवी बसली होती आणि हात कोपरापर्यंत काळे करून काहीतरी घासत होती. आण्णा खुर्चीवर बसले होते. मला पाहून ते उठले.

"आलासा? मला वाटलं, आता तुमी काय येत न्हाई."

"आण्णा, काल मी फार बोलले. चुकलं माझं."

"न्हाई वो. तुमचं काम बिगडलं. आमाला काय कळतंय त्यातलं?"

"पण वर्षभर तुम्ही एकेक काम करत होतात. मला सांगितलं का नाहीत?"

आण्णा ओशाळले. शाळेत पकडलेल्या मुलासारखे त्या माणसांकडे बघायला लागले. त्यातल्या एका दाढीवाल्याने हात पुसत म्हटलं, "सांगा की आता, आण्णा. लाजताय काय?" हे दस्तगीरचाचा, गिरणीचे जुने फिटर.

"तुमी पयल्यांदा आलासा न्हवं," आण्णा म्हणाले, "तवा मी चौदा वर्सांत ह्या फाटकाच्या आत आलो नव्हतो. किल्ली कमरंला, पर आत पाय नाही. तुमी फोटू काढलासा, आन् मला घरी जाऊन झोपच लागंना. म्हटलं, पोरगी हिचा असला अवतार घिऊन गेली. पुढच्या बारीला निदान फाटक तरी घासूया. मग म्हटलं, कौलं गोळा करूया. दर म्हैन्याला, तुमी यायच्या आदी, एक काम. एकट्यानं हुईल तेवडंच."

"पण चौदा वर्षं आत का नाही आलात?"

आण्णा म्हणाले, "बंद केली त्यो शनवार हुता. पगार वाटला. नऊ मानसं हुती कामावर. बंद करतोय म्हनून सांगायचं हुतं, पर त्वांडातनं शब्द फुटंना. म्हटलं, सोमवारी या." ते थांबले. "सोमवारी ही समदी आली. डबं घिऊन. मी फाटकाला कुलूप लावून म्हैसाळला पावन्याकडं जाऊन बसलो. त्या दिसापासनं गावात ह्येंच्या समोर कवा आलो न्हाई. बाजारात दिसली की मी गल्ली बदलायचो."

दस्तगीरचाचा म्हणाले, "आमी बी बदलायचो. ह्येंच्याकडं बघवत नव्हतं."

"कौलं, काचा एकट्यानं केलं," आण्णा म्हणाले. "पर रंग एकट्यानं हुतोय व्हय? शेवटचा फोटू, पुन्याला जानार. मग गेल्या म्हैन्यात गेलो एकेकाच्या दारात. दोघं वारले. सात जन हाईत. परत्येकाला म्हटलं, सोमवारी या."

"आन् आलो की," मागून एक म्हातारा म्हणाला. "डबा घिऊनच आलो. म्हटलं, आज तरी फाटक उगडं असतंय का बगू."

सगळे हसले. आण्णाही हसले, पण टोपीच्या टोकाने डोळे पुसत हसले. मला तर काय, रडायला निमित्तच लागत नाही.

मला हवा तो कोवळा उजेड निघून चालला होता. मी बाहेर आले. चौथऱ्यावर ट्रायपॉड ठेवला, त्याचे पाय मापून फूटभर आखूड केले, म्हणजे कॅमेऱ्याची उंची वर्षभर होती तेवढीच राहावी. सगळे माझ्यामागे येऊन उभे राहिले. पोपटी भिंत, गुलाबी खिडक्या आणि कालचा थोडा सुकलेला झेंडू. मी बटण दाबलं.

परतीच्या एस.टी.त मी सगळे फोटो पुन्हा मनात उलटे लावून पाहिले. पोपटी गिरणी जानेवारीत. मग तिचा रंग उडतो, काचा फुटतात, दार निखळतं, छप्पर कोसळतं, आणि डिसेंबरात फाटकाला कुलूप. परीक्षक थक्क झाले असते. पण तसे लावले की आण्णा पुन्हा म्हैसाळला निघून जात होते आणि ती नऊ माणसं डबे घेऊन फाटकाबाहेर उभी राहत होती. मला ते करवेना. मी मोठी तत्त्वाची बाई वगैरे नाही. स्टुडिओत लोकांचे मुरूम पुसून देतच होते. पण हे पुसणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

मी फोटो जसे काढले तसे, जानेवारी ते डिसेंबर, पाठवून दिले. बाराव्याखाली खरी तारीख लिहिली. लाटकर काका म्हणाले, "वेडी आहेस." मग स्वतःच पार्सलला छान दोरी बांधून दिली.

आठवड्याने संस्थेतून एका बाईंचा फोन आला.

"तुमच्या बाराव्या फोटोत गडबड झालीये. तो चुकून दुसऱ्याच इमारतीचा लागलाय."

"नाही, तीच इमारत आहे."

"मग फोटोंचा क्रम चुकलाय का?"

"नाही. क्रम अगदी बरोबर आहे."

"पण मग यात पडझड कुठे आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. आमचे बारा फोटो बाद झाले. प्रदर्शन नाशिकच्या एका मुलाचं झालं. त्याने एक जकात नाका फार सुंदर पडताना टिपला होता. मी पाहून आले आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटला.

हे आण्णांना सांगायला मी दानवड्याला गेले. वाटलं होतं, ते स्वतःला दोष देतील. त्यांनी ऐकून घेतलं, चार वेळा "आरं आरं" म्हणाले, आणि मग विचारलं, "पुढच्या एक तारखेला येनार न्हवं?"

"आता कशाला, आण्णा? बारा झाले की."

"तुमचं बारा झालं. आमची मोटार अजून जळल्याली हाय, पट्टा न्हाई, आन् दस्तगीर म्हनतोय, बेअरिंग बदलायला लागत्यात. तुमी फोटू काढायला येनार न्हाई म्हटल्यावर ही माझं ऐकत्यात व्हय?"

मागून दस्तगीरचाचा म्हणाले, "न्हाई ऐकत."

तेव्हा मी जानेवारीच्या एक तारखेला गेले. फेब्रुवारीच्याही गेले. आता स्पर्धा नव्हती, पुस्तक नव्हतं, लाटकर काका रजेसाठी कुरकुर करायचे आणि निघताना आण्णांसाठी तंबाखूची पुडी द्यायचे. बाहेरून गिरणीत आता काही बदलत नव्हतं, पोपटी रंगावर धूळ बसत होती एवढंच. जे काही चाललं होतं ते आत. तरी मी चौथऱ्यावर ट्रायपॉड ठेवायची आणि बाहेरचाच फोटो काढायची, कारण सात म्हातारी माणसं हात पुसत बाहेर यायची आणि तो पाहिल्याशिवाय आत जायची नाहीत.

एकोणिसावा फोटो जुलैचा. त्या दिवशी मी उतरले तेव्हा फाटकाबाहेर बायका शेंगांची पोती घेऊन बसल्या होत्या. घरच्या शेंगांचं तेल गाळून मिळणार, अशी गावात दवंडीच फिरली होती. हवेत भाजल्या शेंगांचा वास होता. मी घाईघाईने कॅमेरा लावला, श्वास धरला आणि बटण दाबलं.

फोटो पाहिला तर हललेला. पुन्हा काढला, पुन्हा हललेला. अठरा महिन्यांत एकदाही असं झालं नव्हतं. भिंती दुहेरी दिसत होत्या, लाल अक्षरं एकमेकांवर चढलेली. मी ट्रायपॉडचे स्क्रू आवळले, वर हाताने दाब दिला, तिसरा काढला. तोही तसाच. तोवर उजेड गेला. मी रडकुंडीला आले.

आण्णा आतून बाहेर आले. हाताला तेल, टोपीला तेल, कपाळावर पेंडीचा भुगा.

"आण्णा, आज फोटो बिघडला," मी म्हटलं. "काही केल्या धड येत नाहीये. बघा ना, सगळाच्या सगळा हललाय."

त्यांनी धोतराला हात पुसले आणि कॅमेरा दोन्ही हातांत धरून तो फोटो बराच वेळ पाहिला. आतून घरघर येत होती, माझ्या पायांखालची जमीन आणि चौथरा दोन्ही थरथरत होते. ते मला इतका वेळ जाणवलंच नव्हतं.

"हलनारच की, बाळ," आण्णा म्हणाले. "गिरनी चालू हाय न्हवं!"